ऋतुजैविकीय छायाचित्रण

एकाच जागी कायम बसविलेल्या कॅमेऱ्याने वृक्षांची किंवा वनाची छायाचित्रे ठरावीक वेळी व वर्षानुवर्षे घेऊन त्यांवरून पालवी फुटणे, पाने पूर्ण वाढणे, फुलोरा येणे, फळे धरणे व पानगळ होणे या घटनांचे काल निश्चित करण्याची पद्धती. ऋतुमानानुसार सजीवांत पुनःपुन्हा घडणाऱ्या घटनांचा आणि त्यांच्या हवामानाशी असलेल्या संबंधांचा अभ्यास करणाऱ्या विज्ञानशाखेस ऋतुजैविकी किंवा फिनॉलॉजी म्हणतात. प्रस्तुत पद्धती हे तिचे एक साधन होय. झाडाच्या एकट्या छायाचित्रावरून त्याची त्या दिवसाची स्थिती तेवढी कळते. परंतु तीच चौकट, तोच कोन व तीच वेळ राखून घेतलेल्या शेकडो छायाचित्रांच्या मालिकेतून बदलाचा आरंभ, वेग व शेवट मोजता येतो. ही पद्धती प्रथम समशीतोष्ण प्रदेशांतील पानझडी वनांसाठी विकसित झाली. विदर्भासारख्या उष्ण व कोरड्या मॉन्सून प्रदेशात तिचा वापर करताना तिच्या मूळ गृहीतांत फेरबदल करावे लागतात. कारण येथील अनेक वृक्षांची कोवळी पालवी हिरवी नसून तांबूस असते आणि ती पावसाची वाट न पाहता उन्हाळ्यातच फुटते.

इतिहास : ऋतुघटनांची नोंद ठेवण्याची प्रथा जुनी आहे. जपानमधील क्योटो येथील चेरीच्या फुलोऱ्याच्या तारखा नवव्या शतकापासूनच्या रोजनिश्या व इतर लेखांतून संकलित करण्यात आल्या आहेत. इंग्लंडमधील नॉरफॉक परगण्यात रॉबर्ट मार्शम यांनी १७३६ मध्ये वसंतागमनाच्या चिन्हांची नोंद सुरू केली व त्यांच्या वंशजांनी ती १९५८ पर्यंत चालविली. स्वीडिश निसर्गवैज्ञानिक कार्ल लिनीअस यांनी फिलॉसॉफिया बोटॅनिका (१७५१) या ग्रंथात अशा नोंदींची पद्धती सांगितली. फिनॉलॉजी ही संज्ञा बेल्जियन वनस्पतिशास्त्रज्ञ शार्ल मॉरां यांनी १८४९ मध्ये योजिली. मराठीत चैत्रपालवी हा शब्द रूढ आहे, तो याच प्रकारच्या लोकनिरीक्षणातून आलेला आहे. दुर्गा भागवत यांच्या ऋतुचक्र (१९५६) या ललित ग्रंथात बारा महिन्यांतील सृष्टीच्या बदलांचे वर्णन आढळते. ललित लेखनातील निरीक्षण सूक्ष्म असले, तरी ठरावीक झाडाच्या घटनांच्या तारखा दरवर्षी नोंदविणे हा त्याचा हेतू नसतो. त्यामुळे एका वर्षाची दुसऱ्या वर्षाशी तुलना करण्यास ते पुरेसे पडत नाही.

प्रशिक्षित निरीक्षकाने झाडाखाली जाऊन केलेली नोंद आजही सर्वांत विश्वसनीय मानली जाते. तथापि निरीक्षक आठवड्यातून एखाद्या वेळीच फेरी करू शकतो आणि पालवी फुटली असे नेमके केव्हा म्हणावे याविषयी दोन निरीक्षकांत मतभेद होऊ शकतो. कृत्रिम उपग्रहांमुळे विस्तीर्ण प्रदेशाची हिरवाई एकाच वेळी मोजता येऊ लागली. पण त्यांच्या दृष्टीतील लहानांत लहान घटक, म्हणजे चित्रबिंदू, पुष्कळदा मोठा असतो. १९९९ मध्ये सोडलेल्या टेरा उपग्रहावरील मोडिस या उपकरणाचा सर्वांत लहान चित्रबिंदू २५० मी. लांब व तितकाच रुंद, म्हणजे सु. ६·२५ हेक्टर क्षेत्राचा आहे. २०१५ पासून कार्यरत झालेल्या सेंटिनेल-२ उपग्रहमालिकेचे चित्रबिंदू १० मी. इतके लहान आहेत, परंतु मॉन्सूनचे ढग त्यांनाही आड येतात. माणसाची फेरी व उपग्रहाचे अवलोकन यांमधील ही उणीव जमिनीवरील स्वयंचलित कॅमेऱ्याने भरून निघते.

जपानमध्ये २००३ मध्ये फिनॉलॉजिकल आइज नेटवर्क हे निरीक्षणजाल उभारण्यात आले. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील न्यू हॅम्पशर राज्यात बार्टलेट येथील प्रायोगिक वनात २००५ मध्ये मनोऱ्यावर कॅमेरा बसविण्यात आला. अँड्रू रिचर्डसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या चित्रांवरून काढलेले निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध केले. साध्या कॅमेऱ्याच्या चित्रांतील रंगांवरून वनाच्या हिरवळण्याचा वेग मोजता येतो, हे त्यांवरून दिसून आले. यातूनच २००८ मध्ये फेनोकॅम हे जाल आकारास आले. पुढे यूरोप, ऑस्ट्रेलिया व ब्राझील येथेही अशी जाले किंवा केंद्रे स्थापन झाली.

उपकरण व मांडणी : या कामासाठी महाग कॅमेऱ्याची गरज नसते. ऑलिव्हर सॉनेनटाग व सहकाऱ्यांनी अकरा निरनिराळ्या कॅमेऱ्यांची तुलना करून २०१२ मध्ये असे दाखविले की, ऋतुबदलांच्या तारखा काढण्याच्या दृष्टीने कॅमेऱ्याची जात ही गौण बाब आहे. महत्त्व आहे ते स्थैर्यास. कॅमेरा पक्क्या आधारावर बसविलेला असावा, त्याची चौकट हलू नये आणि रंगांचा तोल आपोआप साधण्याची सोय बंद ठेवावी. ही सोय चालू राहिल्यास कॅमेरा झाडाच्या हिरवेपणातील वाढ स्वतःच दुरुस्त करून टाकतो व जे मोजावयाचे तेच नाहीसे होते. घड्याळ भारतीय प्रमाणवेळेशी जुळलेले असावे आणि वीज खंडित झाल्यावर ते मागे पडत नाही याची खात्री करावी.

सर्वसाधारण प्रघात दिवसाउजेडी दर अर्ध्या तासाने एक चित्र घेण्याचा आहे. बारा तासांच्या दिवसात पंचवीस, तर वर्षात सु. नऊ हजार चित्रे जमतात. उत्तर गोलार्धात कॅमेऱ्याचे तोंड उत्तरेकडे ठेवतात, म्हणजे सूर्य त्याच्या पाठीशी राहतो. नागपूर सु. २१° ९' उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने तेथे या नियमास थोडा अपवाद होतो. २६ मेच्या सुमारास व पुन्हा जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि मधल्या काळात तो किंचित उत्तरेकडे असतो. मध्यान्ही त्याची उंची मोठी असल्याने अडचण येत नाही. मात्र उन्हाळ्यात तो पूर्वेच्या उत्तरेस उगवतो व पश्चिमेच्या उत्तरेस मावळतो, त्यामुळे सकाळ-संध्याकाळची चित्रे भिंगात थेट ऊन शिरल्याने वाया जाऊ शकतात. यासाठी साधारणपणे दहा ते दोन या वेळेतील चित्रेच गणनेस घेणे श्रेयस्कर असते. उन्हाळ्यातील तीव्र उष्णता, धूळ व पावसाचे थेंब यांपासून बचावासाठी हवा खेळती राहणारे पांढरे आवरण व भिंगावर पुढे आलेली झडप लागते. भिंग महिन्यातून एकदा तरी पुसावे व पुसल्याची तारीख लिहून ठेवावी.

प्रतिमांचे विश्लेषण : अंकीय छायाचित्रातील प्रत्येक चित्रबिंदूस तांबडा, हिरवा व निळा अशा तीन रंगांची मूल्ये असतात. चित्रातील ज्या भागात अभ्यासाचे झाड दिसते त्याभोवती सीमारेषा आखून निरीक्षणखंड निश्चित करतात व त्यातील सर्व बिंदूंची तिन्ही रंगांची सरासरी काढतात. हिरव्या मूल्यास तिन्ही मूल्यांच्या बेरजेने भागले असता हरित निर्देशांक मिळतो. उन्हाची प्रखरता बदलली की तिन्ही मूल्ये एकदम वाढतात किंवा घटतात, पण त्यांचे परस्परप्रमाण फारसे बदलत नाही. हे या निर्देशांकाचे मर्म होय. पूर्णपणे करड्या पृष्ठाचा निर्देशांक एक-तृतीयांश, म्हणजे सु. ०·३३ असतो. समजा, निष्पर्ण झाडाच्या चित्रात तांबडा ११०, हिरवा ११२ व निळा ९८ अशी सरासरी आली, तर निर्देशांक ११२ ÷ ३२० = ०·३५ होतो. तेच झाड पानांनी भरल्यावर ९६, १२० व ७२ ही मूल्ये मिळाल्यास निर्देशांक १२० ÷ २८८ = ०·४२ होतो.

ढग, धुके व सावल्या यांमुळे निर्देशांक दिवसातही वरखाली होतो. म्हणून तीन दिवसांतील सर्व मूल्ये चढत्या क्रमाने मांडून शंभरांपैकी नव्वदाव्या स्थानाचे मूल्य घेतात. असे मूल्य वर्षभर आलेखावर मांडले असता पायरीसारखी वक्ररेषा मिळते. तिचा तळ व शिखर यांमधील निम्मी उंची ज्या दिवशी गाठली जाते, तो दिवस हिरवळण्याचा मध्यदिन मानण्याचा प्रघात आहे. हे शिखर म्हणजे पानांच्या हरितद्रव्याचे शिखर नव्हे. ट्रेव्हर कीनन व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखविल्याप्रमाणे पानांतील हरितद्रव्य व पानांचे एकूण क्षेत्रफळ यांच्या कित्येक दिवस अगोदरच निर्देशांक कमाल पातळी गाठतो. कॅमेरा रंग पाहतो, पानाचे कार्य पाहत नाही.

विदर्भातील पानझडी वने : समशीतोष्ण वनात थंडी सरली की पालवी व थंडी आली की पानगळ असा एकच सरळ क्रम असतो. विदर्भातील वनांत एकाच टेकडीवर तीन-चार क्रम शेजारी शेजारी आढळतात. साग हिवाळ्यात पाने टाकू लागतो व मे-जूनपर्यंत बहुधा निष्पर्ण राहतो. पावसाबरोबर त्याची मोठी पाने झपाट्याने वाढतात. पळस फेब्रुवारी-मार्चमध्ये पाने नसताना केशरी फुलांनी भरतो व त्यानंतर पालवतो. मोहाची फुले मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळतात आणि त्या सुमारास त्याची तांबूस पालवी येते. कुसुम या वृक्षाची मार्चमधील पालवी इतकी लाल असते की, दुरून ती फुलेच वाटावीत. कडुनिंब व पिंपळ जुनी पाने गाळून अल्पावधीत नवी धारण करतात. वाराणसी येथील बनारस हिंदू विद्यापीठातील के. पी. सिंह व सी. पी. कुशवाहा यांनी विंध्य प्रदेशातील कोरड्या वनांच्या अभ्यासात वृक्षांचे वर्गीकरण ते वर्षात किती काळ निष्पर्ण राहतात यावरून केले आहे. पाने बदलणाऱ्या जातींपासून कित्येक महिने उघड्या राहणाऱ्या जातींपर्यंत त्यांत अनेक पायऱ्या दिसतात.

कोरड्या ऋतूत पालवी येणे हे वरकरणी अनाकलनीय वाटते. स्टीफन एलियट, पॅट्रिक बेकर व रोल्फ बोर्चर्ट यांनी २००६ मध्ये आशियाई मॉन्सून वनांविषयी याच प्रश्नाची चर्चा केली. वसंतसंपातानंतर वाढत जाणाऱ्या दिवसाच्या लांबीमुळे कळ्या उघडतात, खोल मुळांना मिळणाऱ्या भूमिगत पाण्यावर पालवी पोसली जाते आणि पहिला पाऊस येतो तेव्हा पाने अन्ननिर्मितीस तयार असतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. हे ज्या जातींस लागू पडते त्यांची पालवीची तारीख पावसाच्या आगमनावर अवलंबून राहणार नाही. सागासारख्या जातींची मात्र राहील. पाऊस उशिरा आला तर कोणती झाडे थांबतात व कोणती थांबत नाहीत, हे कळण्यासाठी दर झाडाची वेगळी तारीख हवी आणि ती अनेक वर्षांची हवी. येथेच कॅमेऱ्याचे खरे मोल दिसते.

येथेच त्याचा मोठा दोषही उघड होतो. कुसुमाच्या लाल पालवीच्या चित्रात तांबडा १५०, हिरवा १०० व निळा ८० अशी मूल्ये आली असे मानल्यास हरित निर्देशांक १०० ÷ ३३० = ०·३० होतो, म्हणजे तो निष्पर्ण स्थितीतील मूल्याहूनही खाली जातो. केवळ हरित निर्देशांक पाहणाऱ्यास झाड पालवत असताना ते वाळत आहे असे वाटेल. त्याच चित्राचा तांबडा निर्देशांक १५० ÷ ३३० = ०·४५ इतका चढलेला असतो. म्हणून या प्रदेशात दोन्ही निर्देशांक जोडीने काढावे लागतात. पळसाच्या फुलांनीही तांबडा निर्देशांक चढतो. तेव्हा फूल की पालवी हा निर्णय आकड्यांवर न सोपविता मूळ चित्र डोळ्यांनी पाहूनच करावा लागतो. सागाच्या पावसाळ्यातील पांढुरक्या तुऱ्यांमुळे हिरवेपणा किंचित उतरलेला दिसतो, तर पहिल्या पावसानंतर उगवलेले गवत विरळ झाडोऱ्यातून दिसू लागल्यास वृक्ष पालवण्यापूर्वीच आलेख चढतो. निरीक्षणखंड जातिनिहाय व जमीन वगळून आखणे हाच यावर उपाय होय.

नागरी वृक्षांचे निरीक्षण : वनापेक्षा शहरात कॅमेरा बसविणे व राखणे सोपे असते, मात्र मिळालेल्या नोंदीचा अर्थ लावणे अधिक अवघड असते. नागपूरच्या दक्षिण भागातील मनीषनगर ही वर्धा मार्गालगतच्या पट्ट्यातील दाट निवासी वसाहत याचे चांगले उदाहरण ठरते. अशा वसाहतीतील बहुमजली इमारतीच्या गच्चीवरून कडुनिंब, पिंपळ, गुलमोहर, बहावा, करंज यांसारखी झाडे एकाच चौकटीत वरून दिसू शकतात. उपग्रहाच्या ६·२५ हेक्टरांच्या चित्रबिंदूत मात्र ती घरे, रस्ते व मोकळे भूखंड यांत मिसळून जातात.

रस्त्याकडेच्या झाडाचा ऋतू केवळ हवामानावर ठरत नाही. बागेचे वा सांडपाण्याचे पाणी मिळणारे झाड अधिक काळ हिरवे राहते. बुंध्यापर्यंत फरशी किंवा काँक्रीट आलेल्या झाडाच्या मुळांना पावसाचे पाणी कमी मिळते. रात्रीच्या दिव्यांमुळे कळ्या लवकर उघडतात, असे समशीतोष्ण देशांतील अभ्यासांत आढळले आहे. पावसाळ्यापूर्वी वीजतारांखालील फांद्या छाटल्या जातात. त्या दिवशी आलेख एकदम कोसळतो व ती पानगळ असल्याचा भास होतो. नैसर्गिक पानगळ कित्येक दिवस चालते, तर छाटणीचा उतार एका दिवसाचा असतो, यावरून दोहोंतील भेद ओळखता येतो. म्हणून प्रत्येक झाडाच्या नोंदीबरोबर त्याची जात, पाण्याची सोय, बुंध्याभोवतालची जमीन व छाटणीच्या तारखा यांची वही ठेवणे अगत्याचे असते. शेजाऱ्यांच्या खिडक्या व अंगणे चौकटीबाहेर राहतील असा कोन साधावा आणि इमारतीतील रहिवाशांची संमती घ्यावी.

महाराष्ट्रात नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणाचा १९७५ चा अधिनियम असून त्यात ठरावीक वर्षांनी वृक्षगणना करण्याची तरतूद आहे. गणनेने झाडे किती व कोणती हे कळते. ती केव्हा पालवतात, केव्हा फुलतात व आपला क्रम बदलत आहेत काय, हे कळत नाही. कॅमेऱ्याची नोंद ही अशा गणनेस पूरक ठरू शकते.

उपयोग : ऋतुबदलांच्या तारखांवर विदर्भातील अनेकांची उपजीविका अवलंबून आहे. तेंदूची झुडपे फेब्रुवारी-मार्चमध्ये छाटली जातात व कोवळी पण पुरेशी वाढलेली पाने एप्रिल-मेमध्ये तोडली जातात. हा हंगाम थोड्या आठवड्यांचाच असतो. मोहफुलांचे संकलनही असेच मोजक्या दिवसांचे असते. फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळण्याची प्रथा वणव्यांचे एक कारण आहे. पानगळीच्या आलेखावरून वनभूमीवर कोरडा पाचोळा केव्हा साचतो याचा अंदाज बांधता येतो व वणवाप्रतिबंधक पट्टे त्याआधी तयार करता येतात.

वन व वातावरण यांमधील वायूंची देवघेव समजण्यासही ही चित्रे उपयोगी पडतात. नागपूरच्या वायव्येस मध्य प्रदेशातील बैतूल येथील साग-मिश्र पानझडी वनात मनोऱ्यावरील उपकरणांनी कार्बन डाय-ऑक्साइड, बाष्प व उष्णता यांचे प्रवाह मोजण्यात आले आणि त्यांचे हिवाळा व उन्हाळ्यातील निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा ठिकाणी प्रवाहातील बदल पालवीमुळे की पावसामुळे याचा निर्णय चित्रांच्या साहाय्याने करता येतो. याचे जगप्रसिद्ध उदाहरण ॲमेझॉनच्या खोऱ्यातील आहे. कोरड्या ऋतूत तेथील सदाहरित वन अधिक हिरवे होते असे उपग्रहचित्रांवरून सांगितले जात होते. २०१४ मध्ये हा केवळ सूर्यकोनामुळे होणारा भास असल्याचे मत मांडले गेले. मनोऱ्यांवरील कॅमेऱ्यांच्या आधारे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनी असे दाखविले की, कोरड्या ऋतूत तेथे खरोखरच नवी पाने येतात व त्यांमुळे प्रकाशसंश्लेषण वाढते.

नागपूर येथील महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र (स्थापना १९८८) यासारख्या संस्थांच्या कामात उपग्रहचित्रांची पडताळणी जमिनीवरील निरीक्षणांशी करावी लागते. तेथेही अशा नोंदींचा उपयोग होण्यासारखा आहे. भारतात २०१० च्या सुमारास सुरू झालेल्या सीझनवॉच या उपक्रमात विद्यार्थी व नागरिक ठरावीक झाडाची दर आठवड्यास नोंद करतात. कॅमेरा व निरीक्षक एकाच झाडावर असल्यास दोहोंच्या चुका परस्परांकडून दुरुस्त होतात.

मर्यादा : मुळे, खोड व पानांतील रासायनिक बदल कॅमेऱ्यास दिसत नाहीत, करंजासारखी लहान किंवा पानाआड लपलेली फुले व फळे बहुधा निसटतात. एका कॅमेऱ्याच्या चौकटीत दिसणारी झाडे थोडी असल्याने त्यांवरून साऱ्या वनाविषयी विधान करणे धोक्याचे असते. कॅमेरा बदलल्यास जुना व नवा काही महिने शेजारी चालवून दोहोंतील फरक काढावा लागतो. अन्यथा उपकरणातील बदल झाडातील बदल म्हणून नोंदला जातो. सर्वांत मोठी मर्यादा कालाची आहे. यंदा पळस लवकर फुलला, बहावा अवेळी बहरला अशी विधाने दरवर्षी केली जातात. परंतु लवकर म्हणजे कोणत्या तारखेच्या आधी, हे ठरविण्यास मागील नोंद लागते. वर्षावर्षांतील स्वाभाविक चढउतार कित्येक दिवसांचा असल्याने दोन-तीन वर्षांच्या चित्रांवरून हवामानबदलाचा निष्कर्ष काढता येत नाही. त्यासाठी दशकांची अखंड मालिका आवश्यक असते. न घेतलेले चित्र मागाहून मिळविता येत नाही; म्हणून सामान्य प्रतीच्या कॅमेऱ्याची अखंड मालिका ही उत्तम कॅमेऱ्याच्या खंडित मालिकेहून अधिक मोलाची मानली जाते.